तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

ब्रिस्टल,
रविवार, २ मार्च २०२५

नंदाताईंना हरीशचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. आपलं हे पत्रांचंच बरं चाललंय. फोनवर माझं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, तुम्ही ओरडून दमता, आणि शेवटी "बरं, ठेवते" एवढंच काय ते मला स्वच्छ ऐकू येतं. मंजिरी होती तेव्हा ती मध्ये बसून बहिणीचं नवऱ्याला आणि नवऱ्याचं बहिणीला सांगायची. आता ते काम पोस्टमन करतो.

मुद्द्याचं आधी. गुडघा बदलायचं ठरवलंत हे उत्तम झालं. तारीख कळली की कळवा, मी बर्मिंगहॅमला येतो. पहिले पंधरा दिवस घरात दुसरं माणूस लागतंच. पेशंटला घरी सोडताना "घरी कोण आहे?" हे तुम्हीच हॉस्पिटलात आयुष्यभर विचारत आलात. मला वरण-भात, पिठलं आणि टोस्ट एवढं येतं. तुम्ही ते पंधरा दिवस खाल अशी आशा आहे.

आता माझी बातमी. मी जर्मन शिकतोय. हसू नका. मंजिरी गेल्याला दोन वर्षं होतील, आणि आठवड्यातून एकदा तरी दाढी करायला कारण हवं. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी अकरा वाजता आम्ही आठ पेन्शनर जमतो. शिकवणाऱ्या बाई रेनाटे, मूळच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या. इथल्या इंग्रजाशी लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी आल्या, आता त्याही एकट्याच आहेत. गंमत म्हणजे कौन्सिलकडून भाजी लावायला मंजिरीने घेतलेला तो जमिनीचा तुकडा आहे ना, त्याला लागूनच त्यांचा तुकडा. तिथे भेटल्या तरी त्या माझ्याशी जर्मनच बोलतात. मी निम्मं ऐकतो, त्यातलं निम्मं कळतं, तरी आमचं बरं जमतं.

गेल्या बुधवारचा धडा होता, मदत कशी देऊ करायची. "कान इश ईनेन हेल्फन?" म्हणजे, मी आपल्याला मदत करू का? समोरच्याने म्हणायचं, "नाइन, डांके," नको, धन्यवाद. मग जोड्या लावल्या. ब्रायन म्हणून एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आहेत, ते झाले जड बॅगवाले प्रवासी आणि मी झालो सज्जन गृहस्थ. मी विचारलं. ते नको म्हणाले. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नको म्हणाले. मग मी बॅग धरली आणि ओढली. त्यांनी सोडली नाही. दोघंही खुर्चीवर आदळता आदळता वाचलो. रेनाटेबाई म्हणाल्या, "हरीश, ते नको म्हणाले. नाटक तिथेच संपलं." मी म्हटलं, आमच्यात तिथे सुरू होतं. सगळे हसले, पण बाई काही हसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही मला तेच दिसतंय. त्यांचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. एक आख्खा वाफा नुसता मातीचा ढीग होऊन पडलाय. मी खणून देऊ का म्हणून दोनदा विचारलं, जर्मनमध्ये. दोनदा नको म्हणाल्या. आता तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय.

तुमचा,
हरीश

---

बर्मिंगहॅम,
रविवार, ९ मार्च

हरीशराव,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान पकडते, मशीनवाला नव्हे, दुसरा. पंच्याहत्तराव्या वर्षी बस ड्रायव्हरशी बॅगेवरून झटापट करता? मंजू असती तर आठवडाभर मला फोन करकरून हसली असती.

माझ्याकडे यायचं काही काढू नका. सोय झालीय. तुम्ही तुमचा जर्मन क्लास आणि मंजूचा भाजीचा तुकडा सांभाळा. मार्च-एप्रिल म्हणजे पेरणीचे दिवस, आत्ता पंधरा दिवस इकडे येऊन बसलात तर वर्षभर गवत काढाल. अंशुमननेही पर्थहून फोन केला होता. "आई, रजा काढून येऊ का?" मी म्हटलं, नको रे. "शुअर? ओके आई," म्हणाला आणि ठेवला. इथे जन्मलेली मुलं, शब्दाला शब्द धरतात. चांगलंच आहे म्हणा, गैरसमज होत नाहीत. फोन हातात धरून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, आणि मग वरणाला फोडणी दिली.

तुमच्या रेनाटेबाईंचं म्हणाल, तर विचारत काय बसता? बाई नको म्हणणारच. कोण म्हणेल, हो, या, माझी जमीन खणून द्या? पहिलं नको असतं संकोचाचं. दुसरं समोरच्याला किती मनापासून वाटतंय ते बघायला. तिसऱ्या खेपेला कुठे माणूस खरं बोलतं. आमच्या आईच्या पंगतीत पाहुणा तीनदा नको म्हणेपर्यंत वाढणारा पुढे सरकत नसे, आणि कोणी पहिल्याच "नको"ला पुढे गेला तर घरी गेल्यावर त्याचं नाव निघे. जर्मन झाली तरी बाईच ना ती. खांदा आखडल्यावर काय दुखतं ते मी डॉक्टर म्हणून सांगते, रात्री कूस बदलता येत नाही. तुमच्या हातात फावडं आहे. सकाळी लवकर जा, त्या यायच्या आत खणून मोकळे व्हा. आल्यावर बघतील, डोळ्यांत पाणी येईल.

पिठलं तुम्हाला येतं हे मला माहीत नव्हतं. मंजू कधी बोलली नाही.

तुमची,
नंदाताई

---

ब्रिस्टल,
सोमवार, २४ मार्च

नंदाताई,

डोळ्यांत पाणी आलं. पण ते आपण दोघांनी ठरवलेलं पाणी नव्हे.

शनिवारी पहाटे साडेसहाला मी तिथे गेलो. थंडी होती, माणूस नव्हतं. रेनाटेबाईंचा तो ढिगाचा वाफा मी आधी सपाट केला, मग दोन फावडी खोल खणला. तुम्हाला माझं काम माहीत आहे. विमानाचे पंख तपासण्यात पस्तीस वर्षं घालवलेला माणूस वाफा अर्धवट खणत नाही. खाली पांढरट, जाड, बोटांएवढी मुळं लागली, गुंत्याचे गुंते. मला वाटलं, हेच ते हट्टी तण, ज्याच्यामुळे बाईंनी हात टेकलेत. एकूण एक उपटली. बारा गुंते निघाले. ढकलगाडीत घालून पलीकडच्या शेकोटीच्या ढिगावर टाकले आणि, ताई, मी काडीही लावली. अर्धवट काही ठेवलं नाही.

साडेनऊला त्या आल्या. मी फावड्यावर रेलून उभा होतो, चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू आठवलं की आत्ताही कानशिलं तापतात. त्यांनी वाफ्याकडे बघितलं, धुराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आय सेड नो, हरीश." इंग्लिशमध्ये. त्या जागेवर त्या माझ्याशी इंग्लिश बोलल्याची ही पहिली वेळ.

तो ॲस्परॅगस होता. पांढरा, त्यांच्या गावाकडचा. कोंब पांढरे राहावेत म्हणून वरून मातीचा वरंबा चढवून ठेवतात, तोच माझा ढीग. लावल्यापासून दोन वर्षं एक कोंबही तोडायचा नसतो, नुसती वाट बघायची. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा खायचा. हे तिसरं वर्ष होतं. मे महिन्यात आमच्या सगळ्या क्लासला घरी बोलवून, बटाटे आणि वितळलेलं लोणी घालून त्या तो खाऊ घालणार होत्या. त्यांचे वडील लावायचे तसा. हे मला ब्रायनने सांगितलं. रेनाटेबाईंनी फक्त हातमोजे काढून खिशात घातले आणि त्या घरी गेल्या.

ताई, मला खूप वाईट वाटतंय, आणि ते कुठे ठेवावं कळत नाही. मंजिरीनंतर माझ्याशी नीट बोलणारं या गावात एक माणूस होतं. या बुधवारी मी क्लासला जाणार नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

हरीश

---

बर्मिंगहॅम,
शनिवार, २९ मार्च

हरीशराव,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा, देवा माफ कर, काडी लावली तिथे मला हसू फुटलं. दुसऱ्यांदा नाही फुटलं.

सल्ला माझा होता. फावडं तुमचं, पण सल्ला माझा, तेव्हा अर्धं पाप माझ्या नावावर टाका. मी पन्नास वर्षं या देशात काढली, वॉर्डात हजारो पेशंटशी बोलले, आणि अजून माझ्या डोक्यात आईची पंगतच बसलेली आहे. नको म्हणजे नको म्हणणारी माणसंही जगात असतात, आणि ती काही कोरडी नसतात, हे मला कळायला हवं होतं.

क्लास चुकवू नका. तोंड एकच आहे, त्याच तोंडाने जा. माफी मागा आणि मागून झाली की गप्प बसा. तुम्हाला माफी मागताना कारणं द्यायची सवय आहे, मंजू सांगायची.

इकडचं म्हणाल तर ऑपरेशनची तारीख आली, गुरुवार, १५ मे. तिसऱ्या दिवशी घरी सोडतील. तुम्ही पुन्हा यायचं काढाल म्हणून आधीच सांगते, नको. तुमच्यामागे आत्ता हा व्याप आहे. माझी सोय झालीय.

उद्या पाडवा. गुढी उभारायला खिडकीत चढणार नाही, घाबरू नका. टेबलावरच्या फुलदाणीत उभारीन. श्रीखंड मात्र विकतचं आणलंय, एका माणसासाठी चक्का कोण टांगतो.

नंदाताई

---

ब्रिस्टल,
बुधवार, १६ एप्रिल

नंदाताई,

आता बसून सगळं सांगतो.

दोन बुधवार मी गेलो नाही. मधल्या दिवसांत इंटरनेटवर बघून ॲस्परॅगसच्या नव्या मुळांची ऑर्डर द्यायला बसलो. मनात होतं, गुपचूप आणून लावून टाकू, एक दिवस बाई येऊन बघतील. बटणावर बोट नेलं आणि तिथूनच मागे घेतलं. अहो, परत तेच! परत न विचारता! माझा हात म्हणजे एक स्वतंत्र माणूस आहे असं वाटायला लागलंय.

मग नऊ तारखेला दाढी केली आणि गेलो. क्लास संपल्यावर सगळे उतरेपर्यंत थांबलो. म्हटलं, माझं चुकलं. तुम्ही दोनदा नको म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. कारणं दिली नाहीत, तुमचा निरोप ध्यानात होता. मग विचारलं, नवीन मुळं मी आणून दिली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "नाइन, डांके."

ताई, त्या वेळी मला जे कष्ट पडले ते कधी पडले नव्हते. जिभेवर "अहो, असं कसं" आलं होतं. ते गिळलं. "गुट," बरं, म्हटलं, टोपी घेतली आणि जिना उतरलो. एकदाही मागे वळलो नाही.

आणि शनिवारी मी मंजिरीच्या तुकड्यावर मेथी पेरत होतो, तर रेनाटेबाई स्वतः कुंपणापाशी आल्या. जर्मनमध्ये म्हणाल्या, मुळं मी आणलीत, माझी मीच. पण चर खणायला माझा खांदा चालत नाही. तुम्ही खणाल का? मी विचारलं, किती खोल? कुठून कुठपर्यंत? आता काढायचं काय आणि ठेवायचं काय? त्यांनी सुतळी लावून दिली. मी सुतळीच्या आत खणलं, एक इंचही बाहेर गेलो नाही. बारा मुळं त्यांनी डाव्या हाताने मांडली, मी माती लोटली. संपल्यावर म्हणाल्या, "तीन वर्षं. तोवर गवत काढायचं काम तुमचं." म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत मला मरायची परवानगी नाही.

तेव्हा आता मी शिकलोय. माणूस नको म्हणालं की त्याचा मान ठेवायचा. यात तुमचंही आलंच. तुम्ही मला दोनदा स्पष्ट नको म्हणालात आणि मी मात्र पिठल्याचं पुराण लावून बसलो होतो. माफ करा. मी येणार नाही, आणि आग्रह करून तुम्हाला संकोचात पाडणार नाही. तुमची सोय झाली आहे यात मला समाधान आहे. पंधरा तारखेला इथूनच देवापुढे दिवा लावीन.

तुमचा,
सुधारलेला हरीश

---

बर्मिंगहॅम,
मंगळवार, २२ एप्रिल

श्री. हरीश यांस,

पत्र पोचलं. रेनाटेबाईंशी समेट झाला हे वाचून बरं वाटलं.

माझ्याकडे येत नाही हे बरं केलंत. खरंच बरं केलंत. मी नको म्हणालेच होते.

गेल्या गुरुवारी हॉस्पिटलात बोलावलं होतं. ऑपरेशननंतर काही आठवडे घालायचे ते घट्ट पायमोजे नर्सने दाखवले. चांगले मांडीपर्यंत असतात. एकटीला घालता येत नाहीत, वाकायचं नसतं. पण बघू काहीतरी. लांब दांड्याचा एक चिमटा मिळतो म्हणे.

मंजू असती तर न विचारता बॅग घेऊन दारात उभी राहिली असती. पण ती नाही, तेव्हा त्याचं काय.

दिवा लावा. तेल जपून घाला, तुमच्याकडे देवघराच्या वरच धुराचा अलार्म आहे.

नंदा

---

ब्रिस्टल,
गुरुवार, १ मे

नंदाताई,

तुमचं हे पत्र मी चार वेळा वाचलं. "श्री. हरीश यांस" बघून वाटलं, पत्र चुकून बँकेकडून आलं. तुम्ही मला पन्नास वर्षांत श्री. लावलं नव्हतंत. काहीतरी बिनसलं एवढं कळलं, पण काय ते कळेना, कारण मी तर या वेळी सगळं बरोबर केलं होतं.

काल क्लासनंतर ते पत्र मी रेनाटेबाईंना वाचून दाखवलं. रागावू नका. इंग्लिशमध्ये एकेक ओळ उलगडून सांगितली. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "सोय झालीय म्हणजे कोण येणार आहे?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. "मग मोजे एकटीला घालता येत नाहीत असं का लिहितात?" मी पत्र घडी करून खिशात घातलं, परत काढलं.

मी त्यांना आपल्या पंगतीचं सांगितलं, तीनदा नको म्हणायचं ते सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हरीश, मी तुम्हाला नको ऐकायला शिकवलं. ऐकून निघून जायला नाही शिकवलं." आणि त्यांनी तिथेच, टेबलावर, मला एकट्याला धडा दिला. म्हणाल्या, नुसतं मदत करू का विचारलं की माणूस नकोच म्हणतं, कारण एवढ्या मोठ्या प्रश्नाला हो म्हणायला धीर लागतो. नेमकं विचारायचं. "वास कान इश ईनेन आबनेमन?" तुमच्या हातातलं कुठलं काम मी घेऊ? आणि तरीही नको म्हणाले तर ढकलायचं नाही आणि दारही लावायचं नाही. म्हणायचं, "दास आन्गेबोट श्टेट." मी म्हणालो ते कायम आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. मंजिरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मी दिवसभर हॉस्पिटलात असायचो तेव्हा तिची मेथी वाळली कशी नाही, याचं मला आश्चर्य वाटायचं. रेनाटेबाई पाणी घालत होत्या. त्यांनी मंजिरीला विचारलं होतं, मंगळवार आणि शुक्रवार, फक्त पाणी, चालेल? आणि मंजिरी हो म्हणाली होती. पहिल्याच वेळी. आपली मंजिरी, ताई, जिने पाहुणी गेल्यावर कधी दुसरी पोळी घेतली नाही.

तर आता मी नेमकं विचारतो.

बुधवार, १४ मे रोजी टेंपल मीड्स स्टेशनवरून दहाच्या सुमाराच्या गाडीने मी येऊ का? तीन बुधवार क्लास बुडेल, बाईंची परवानगी घेतली आहे. सकाळी आठ वाजता मोजे मी चढवू का? तेवढी ताकद आहे. रेनाटेबाईंनी मला बाटलीवर सराव करायला लावलाय. तुमच्या पुस्तकांच्या खोलीत झोपलो तर चालेल का? स्वयंपाक मी करू की नुसती भांडी घासू? तुम्ही सांगाल तेवढंच करीन, सुतळीच्या आत. तुमच्या घरातलं न विचारता काहीही उपटणार नाही, जाळणार तर नाहीच.

यातल्या कशालाही नको म्हणा, वाईट वाटणार नाही. सगळ्याला नको म्हणालात तरी माझं विचारणं कायम आहे. चौदा तारखेपर्यंत, आणि त्यानंतरही.

तुमचा,
हरीश

---

बर्मिंगहॅम,
मंगळवार, ६ मे

हरीशराव,

हो.

हे पहिलं वाक्य लिहायला मला सोमवारची आख्खी बँक हॉलिडेची सुट्टी लागली. आधी सवयीने "कशाला उगाच त्रास" असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. मग "तुम्हाला जमत असेल तर" असं लिहिलं, तोही फाडला. माझ्या मंजूला जमलं ते मला का जमू नये?

तुमचं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मला फार लागलं. आता सांगते. दोनदा नको म्हणून मी तिसऱ्या खेपेची वाट बघत बसले होते. सकाळी दारात पत्रं पडल्याचा आवाज आला की काठी टेकत जात होते. तिसरं विचारणं येईल, मग मी म्हणेन, "बरं बाई, एवढं म्हणताय तर या," असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आणि आलं काय, तर तुम्ही माझा मान ठेवलात. मी स्वतः तुम्हाला लिहिलं होतं ना, नको म्हणजे नको म्हणणारी माणसंही असतात? ते लिहिताना आपण त्यांतल्या नाही, हे काही मी लिहिलं नाही. मग तुम्हाला कळणार कुठून? अंशुमनला तरी कुठून कळणार? काल त्याला फोन केला. म्हटलं, जूनमध्ये आठवडाभर ये, मला तू हवा आहेस. म्हणाला, "आई, मला वाटलं तुला कोणी नको असतं." तिकीट काढलंय त्याने.

आणि आता ती सोय. तुमच्या रेनाटेबाई हुशार आहेत, त्यांना सांगा.

फेब्रुवारीत, तुम्ही मला काही विचारायच्याही आधी, हॉस्पिटलात नर्सने फॉर्म भरायला दिला. घरी पहिले पंधरा दिवस कोण असणार? तो रकाना रिकामा ठेवला तर ऑपरेशन पुढे ढकलतात, मला हे माहीत नसेल तर कोणाला? मी पेन घेतलं आणि तुमचं नाव लिहिलं. खाली नातं लिहायचं होतं. इंग्लिशमध्ये जे लिहायचं ते लिहिलं, पण मनात म्हटलं, मंजूचं माणूस. मग घरी आले, तुमचं पत्र आलं, येऊ का म्हणून. आणि मी नको म्हणाले. माझी सोय झाली होती, हरीशराव. ती सोय तुम्हीच होतात. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता नेमकं. मोजे आठला नको, साडेआठला, आधी चहा. पुस्तकांची खोली झाडून घेतलीय, उशी मऊ आहे की कडक हवी ते कळवा. स्वयंपाक एक दिवस तुम्ही, एक दिवस डबा. इथे एक बाई चांगला देते. पिठलं रविवारी. माझ्या औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही, ते माझं मी बघीन. ही माझी सुतळी.

रेनाटेबाईंना विचारा, त्यांच्यासाठी मेथीचे ठेपले तुमच्याबरोबर परत पाठवले तर चालेल का. मी विचारतेय हं, पाठवत नाहीये.

आणि एक लक्षात ठेवा. बुधवारी तुम्ही दारात आलात की मी विचारीन, चहा घेणार का? पहिल्याच वेळी हो म्हणा. तीनदा विचारायला स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, तर सध्या मला गुडघा नाही.

तुमची,
नंदाताई